मापाचे कपाट

वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासातील नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे ही लहान गोष्ट नव्हे. तथापि घर वाढले म्हणून सामानाची सोय आपोआप होते, असे नाही. चाळीतील एका खोलीत मोठी कुटुंबे नांदली ती पोटमाळा, भिंतीवरच्या फळ्या आणि खाटेखालच्या पेट्या यांच्या आधारावर. आणि पोटमाळा काय किंवा फळी काय, सुताराने ती खोली पाहूनच ठोकलेली असे. आज नव्या घरात जाणारे नोकरदार कुटुंब प्रथम तयार कपाटांच्या दुकानाची पायरी चढते आणि बचतीतील मोठा हिस्सा तेथे ठेवून येते.

'खास तुमच्या मापाचे' हे शब्द या दुकानांतून सढळपणे उधळले जातात. ग्राहकाच्या निवडीला उरतो तो बहुधा दर्शनी रंग आणि मुठीचा आकार. खोकी ठरावीक रुंदीचीच, ३०, ४५ वा ६० सेंटीमीटरची. भिंत २२० सेंटीमीटर असेल तर २१० सेंटीमीटर खोक्यांनी भरतात आणि उरलेल्या दहांवर पट्टी ठोकून विषय मिटविला जातो. पोळपाट, परात आणि ताटे उभी ठेवण्यास तेवढा खण पुरला असता. खोलीचेही तेच. पुस्तकाला २५ सेंटीमीटर खोल फळी पुरते. कपाट मात्र हँगरवरील कोटासाठी आखलेले, ५५ ते ६० सेंटीमीटरचे. मग पुस्तके दोन रांगांत लागतात आणि मागची रांग वर्षानुवर्षे उजेड पाहत नाही. शिक्षकाच्या घरात हे नुकसान किरकोळ म्हणता येणार नाही. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटीमीटर; तिला वरच्या फळीसाठी रोज स्टूल ओढावे लागत असेल, तर माप कोणाचे घेतले, असे विचारणे भाग आहे.

गंमत अशी की, तयार स्वयंपाकघराची ही परंपरा ज्या फ्रँकफुर्टच्या स्वयंपाकघरापासून सांगितली जाते, ते १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकर्तीने एका निश्चित जागेसाठीच आखले होते. रुंदी सुमारे १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. त्यात पिठाचे खण ओकच्या लाकडाचे केले होते, कारण त्या लाकडाने किडे दूर राहत. कामगार वसाहतींत अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसविली गेली. म्हणजे कारखान्याचे उत्पादन आणि घराचे माप यांत मूलतः वैर नाही. तेथे आधी काम मोजले गेले, खोकी नंतर आली. इकडे क्रम उलटा झाला.

टिकाऊपणाचा प्रश्न याहून रोकडा आहे. लाकडाच्या चुऱ्यापासून दाबून केलेला फळा कोरड्या खोलीत ठीक चालतो. मोरीशेजारी आणि कोकणच्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात, आणि बिजागरीचा स्क्रू एकदा सुटला की पुन्हा धरत नाही. सुताराकडे काम दिल्यास ओट्याखाली आयएस ७१० प्रतीचे जलरोधक प्लायवूड व अन्यत्र साधे आयएस ३०३, अशी वाटणी करता येते. दहा वर्षांनी एक फळी खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

सुताराची बाजू निर्दोष आहे असे मात्र नव्हे. पंधरा दिवसांचे काम दोन महिने रेंगाळते, घरभर भुसा उडतो, आणि दाखविलेला माल व लावलेला माल एकच असेल याची खात्री नसते. फळ्याची जाडी, प्रत आणि हप्ते हे सारे मापांच्या आराखड्यासह कागदावर लिहून घेण्यात संकोच कसला? भाड्याच्या घरात वा बदलीच्या नोकरीत भिंतीत बसविलेले कपाट परवडणारे नाही. तेथे स्क्रूवर सुटणारे, मोजक्या तुकड्यांचे कपाट करून घ्यावे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. त्यात रंधा आणि गुण्या यांच्याबरोबर घरमालकाच्या गरजा टिपून आराखडा काढण्याचे शिक्षण ठळकपणे असावयास हवे. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीत फडताळ आणि कोनाडा घराबरोबरच बांधले जात. पुनर्विकासाच्या नकाशात न्हाणीघराची जागा दाखवितात, तशी कपाटाचीही दाखविण्याचा आग्रह रहिवाशांच्या संस्थांनी नकाशा मंजूर होण्यापूर्वीच धरला पाहिजे.