टंगस्टन चीनने रोखलं, पण डोईफोडियाचा रीमर महाग का पडतो?

गेल्या वर्षभरात बुऱ्हाणपूर, जळगाव, अकोला, कुठल्याही टूल्सच्या दुकानात गेलात तर एकच वाक्य ऐकू येतं: "भाव विचारू नका, आजचा उद्या राहत नाही." कार्बाइडचे ड्रिल, इन्सर्ट, रीमर सगळंच वर चढलं. खकनार तहसीलीतल्या डोईफोडियासारख्या गावात ट्रॅक्टर दुरुस्ती करणाऱ्याला वाटतं, हे मोठ्या कारखान्यांचं दुखणं, आपला काय संबंध? संबंध आहे. पण तो दुकानदार सांगतो तेवढाच नाही.

आधी भाव का चढले ते पाहू. ४ फेब्रुवारी २०२५ ला चीनने टंगस्टन, मॉलिब्डेनम, बिस्मथ, टेल्युरियम आणि इंडियम यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. अमेरिकेने वाढीव आयात शुल्क लावलं त्याच दिवशी हे उत्तर आलं. ही बंदी नव्हे, पण परवाना मिळेपर्यंत माल अडतो, आणि जगातल्या खाणींतून निघणाऱ्या टंगस्टनपैकी ८० टक्क्यांहून जास्त एकट्या चीनमधून येतं. वर्ष संपेपर्यंत टंगस्टनच्या कच्च्या मालाचा आंतरराष्ट्रीय भाव दुपटीच्याही पुढे गेला होता. त्याच महिन्यात कांगोने कोबाल्टची निर्यात थांबवली, नंतर कोटा लावला. कार्बाइड म्हणजे टंगस्टन कार्बाइडची पूड आणि तिला धरून ठेवणारं कोबाल्ट. दोन्हीकडून दोर आवळला गेला.

साधा हायस्पीड स्टीलचा, म्हणजे एचएसएसचा रीमरही यातून सुटत नाही. नेहमीच्या एम-२ स्टीलमध्ये साधारण ६ टक्के टंगस्टन आणि ५ टक्के मॉलिब्डेनम असतं. फरक इतकाच की कार्बाइडला जेवढा फटका बसतो तेवढा याला बसत नाही.

आपल्या भागात प्रश्न वेगळा आहे. इथे रीमर झिजून कमी आणि चुकीने वापरून जास्त मरतो.

रीमरचं काम काय? ड्रिलने पाडलेलं होल कधीच नेमकं गोल आणि नेमक्या मापाचं नसतं. ते थोडं मोठं, थोडं वाकडं, आतून खरबरीत निघतं. रीमर त्यातला शेवटचा पातळ थर काढून माप आणि गुळगुळीतपणा देतो. तो होलची जागा सुधारत नाही. ड्रिल वाकडं गेलं असेल तर रीमर त्याच वाकड्या वाटेने जाणार. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे किती रीमर बदनाम झाले असतील!

ट्रॅक्टरचंच घ्या. पुढच्या ॲक्सलचा किंगपिन ढिला झाला की बुश बदलावं लागतं. नवं बुश ठोकून किंवा प्रेसने बसवलं की ते बाहेरून आवळलं जातं आणि आतलं माप थोडं कमी होतं. म्हणून बुश बसवल्यावर रीमर मारायचा असतो, आधी नाही. वरचं आणि खालचं बुश एका रेषेत यायला हवं, त्यासाठी पुढे किंवा मागे गाइड असलेला लांब रीमर लागतो. तो नसला की मिस्तरी वरचं वेगळं, खालचं वेगळं करतो. पिन मग दोन्हीकडून तिरका घासतो. पॉलिश पेपर गुंडाळून बुश "मोकळं" करण्याचा प्रकार तर सर्रास चालतो. त्या दिवशी स्टिअरिंग हलकं वाटतं, पण एका हंगामात चाक पुन्हा डुलायला लागतं. ऐन नांगरटीत शेतकरी ट्रॅक्टर घेऊन परत दारात उभा. बुशचे पैसे गेले, मजुरी गेली, वर दोन दिवस गेले, आणि दोष मात्र "डुप्लिकेट बुश"ला.

कनेक्टिंग रॉडच्या वरच्या बुशचं तसंच. तिथे ॲडजस्टेबल रीमर चालतो. पाती तिरप्या खाचेत सरकतात, दोन नटांनी माप वाढतं. नट थोडासा फिरवायचा, एक फेरी मारायची, पिन घालून बघायची. तेल लावलेली पिन अंगठ्याने दाबली की सरकली पाहिजे, पण स्वतःहून खाली पडता कामा नये. यात अर्धा तास जातो. आपल्याकडे तो अर्धा तास द्यायची तयारी नसते, कारण गिऱ्हाईक बाहेर बसलेलं असतं.

मग मशीनचा रीमर. इथे सगळ्यात मोठी गफलत असते ती ड्रिलनंतर किती माल शिल्लक ठेवायचा याची. १० ते २० मिमीच्या होलसाठी व्यासात ०.२ ते ०.३ मिमी ठेवावा. हाताच्या रीमरला त्याहून बराच कमी, ०.०५ ते ०.१ मिमी पुरतो. जास्त ठेवला तर रीमर गुदमरतो, कीस अडकतो, धार तुटते. लोकांना पटत नाही ते हे की फार कमी ठेवणंही वाईट. माल पातळ राहिला तर धार कापत नाही, नुसती घासते. घासलेली धार बोथट होते आणि होल चकचकीत दिसतं पण मापात बसत नाही.

वेगाचंही तसंच. ड्रिल ज्या वेगाने चालवतो त्याच्या निम्म्याने रीमर चालवायचा, फीड मात्र ड्रिलच्या दुप्पट-तिप्पट. २० मिमीचा एचएसएस रीमर साध्या पोलादात मिनिटाला १० मीटर वेगाने चालवायचा म्हणजे साधारण १६० फेरे. आपल्या बऱ्याच ड्रिल मशीनचा बेल्ट एकदा चढवला तो चढवला, बदलायचा कंटाळा. ड्रिलच्याच वेगात रीमर जातो, किंचाळतो, लाल होतो. आणि बाहेर काढताना उलटा फिरवणं! रीमर कधीही उलटा फिरवायचा नाही, हातानेसुद्धा नाही. उलट फिरला की कीस धार आणि भिंतीच्या मधे अडकतो, धारेचा तुकडा पडतो आणि होलवर ओरखडे उठतात. सुलट फिरवतच बाहेर घ्यायचा. पोलादाला कटिंग ऑइल द्या, ओतीव लोखंड कोरडं चालतं, ॲल्युमिनियमला केरोसीन बरं पडतं.

आता कार्बाइड घ्यावं की नाही? माझं मत स्पष्ट आहे: गावच्या वर्कशॉपला बहुतेक वेळा नको. कार्बाइड कडक, जास्त वेगाने चालतं, हजारो होल एकसारखी काढायची असतील तर त्याला तोड नाही. पण ते ठिसूळ असतं. जुन्या लेथच्या टेलस्टॉकमध्ये प्ले असेल, चक डुलत असेल, तर पहिल्याच धक्क्याला ते चिरतं. दिवसाला चार-पाच होल करणाऱ्याने चांगला एचएसएस रीमर घ्यावा, खोक्यात इतर हत्यारांपासून वेगळा ठेवावा आणि बोथट झाला की पुढचा उतार टूल ग्राइंडरवर धार लावून घ्यावा. हाताच्या ग्राइंडरवर नको, सगळ्या धारा एका उंचीला राहिल्या नाहीत तर एकच दात सगळं काम करतो. होलमध्ये चावीची खाच असेल तर सरळ दातांचा रीमर खाचेत अडकतो, तिथे पिळाचा लागतो. घेताना दातांमधलं अंतर किंचित असमान दिसलं तर दुकानदाराशी भांडू नका, थरथर होऊ नये म्हणून ते मुद्दाम तसं असतं.

दुसरा धागा गावाबाहेर जाणाऱ्या पोरांचा. नेपानगरची कागद गिरणी २०१६ पासून सहा वर्षं बंद राहून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. बुऱ्हाणपूरची ताप्ती मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. त्यामुळे फिटर, टर्नर, मशिनिस्ट झालेली पोरं वाळूज, चाकण, जळगाव एमआयडीसी किंवा पिथमपूरला जातात. आयटीआयचा अभ्यासक्रम दोन्ही राज्यांत एकच राष्ट्रीय. पण आपल्या पोराने तो हिंदीतून शिकलेला, घरी मराठी, आणि कंपनीतल्या ड्रॉइंगवर इंग्रजीत लिहिलेलं असतं २० एच-७. याचा अर्थ होल २०.००० पेक्षा लहान नको आणि २०.०२१ पेक्षा मोठं नको, म्हणजे सगळी मुभा २१ मायक्रॉनची. माणसाचा केस यापेक्षा तिप्पट जाड असतो.

ते माप व्हर्नियरने कळत नाही. प्लग गेज किंवा बोअर गेज लागतो. आयटीआयमध्ये रीमिंगचं प्रॅक्टिकल असतं, पण एका रीमरवर अख्खी बॅच आणि गेज कपाटात, असं असेल तर पोरगं फक्त वहीत रीमर काढून पास होतं. सीएनसीवर गेल्यावर होल मोठं निघालं की ते ऑफसेट बदलत बसतं. पण रीमरच्या होलचं माप ऑफसेटने बदलत नसतं, ते रीमरच्याच मापातून येतं. होल मोठं निघत असेल तर आधी डायल लावून रीमर किती डुलतो ते बघायचं. ०.०२ मिमी डुलला तरी एच-७ ची वाट लागते. मग धारेला माल चिकटलाय का ते बघा, कूलंटमध्ये पाणीच जास्त झालंय का ते बघा. हे विचारलं तर मुलाखतीत पोरं गप्प होतात, असं भरती करणारे सांगतात, आणि मग ती मशीनवर न जाता पॅकिंगला लागतात. पगारातला फरक तिथून सुरू होतो. भाव वाढल्यापासून तर कार्बाइड रीमर नवख्याच्या हातात द्यायलाच सुपरवायझर घाबरतो.

दोन्ही राज्यांच्या कौशल्य विभागांकडे आपली मागणी काय असावी? नवीन इमारत नको. दर चार मुलांमागे एक रीमर, एक प्लग गेज, आणि होल मोजून गुण देणारी परीक्षा. आयटीआय समितीवर बसणाऱ्या आपल्या लोकांनी पुढच्या बैठकीत एवढंच विचारावं की गेल्या वर्षी किती रीमर खरेदी झाले. उत्तर शून्य आलं तर बाकी अहवाल वाचायची गरज नाही.

भंगाराचं तेवढं सांगायचं राहिलं. तुटलेलं कार्बाइड ड्रिल, रीमर, इन्सर्ट आपण लोखंडाच्या भंगारात फेकतो. त्यात बहुतांश टंगस्टनच असतं आणि ते पुन्हा वापरात येतं, म्हणून त्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट मिळतो. ओळखायला सोपं: त्याच आकाराच्या पोलादापेक्षा हातात जवळपास दुप्पट जड लागतं. एक जुना डबा लेथखाली ठेवा. किलोभर जमला की बुऱ्हाणपूर, जळगाव, अकोला तिन्हीकडे भाव विचारून मगच विका.