श्रद्धा आणि खचलेले मन

मन खचले म्हणजे श्रद्धा उणी पडली, असा निवाडा देणारे उपदेशक ख्रिस्ती समाजातही आढळतात. इतरत्र ते कमी आहेत असे नव्हे. त्यांनी विल्यम कूपर या इंग्रज स्तोत्रकाराचे चरित्र वाचावे. १७६३ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या कूपरला श्रद्धा गवसली ती चर्चमध्ये नव्हे, डॉ. कॉटन यांच्या मनोरुग्णालयात! त्याची स्तोत्रे आजही गायिली जातात. तरीही १७७३ मध्ये आजार उलटला आणि ‘देवाने आपल्याला टाकले’ ही समजूत १८०० मधील मृत्यूपर्यंत सुटली नाही. यात श्रद्धेची उणीव कोठे शोधावयाची? त्याचे स्नेही पाद्री जॉन न्यूटन यांनी ती शोधली नाही. त्यांनी वर्षाहून अधिक काळ त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले.