मुलाखतीचे बूट

उमरखेडच्या एसटी स्टँडवरून नांदेडला मुलाखतीसाठी निघालेल्या पोराचा शर्ट कडक इस्त्रीचा असतो, भांग चापूनचोपून पाडलेला असतो. गडबड होते ती पायात. पैनगंगेकाठची काळी माती पावसाळ्यात बुटाला अशी धरते, की पॉलिशची सगळी मेहनत चिखलात जाते. म्हणून शहाणा उमेदवार चपलेवर प्रवास करतो, बूट पिशवीत नेतो आणि पोचल्यावर बदलतो. बूट काळे किंवा गडद तपकिरी, साधे, लेसचे. पट्टा त्याच रंगाचा. मोजे बसल्यावर पोटरी झाकतील इतके लांब. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि सकाळी नीट बसलेला बूट नंतर चावतो. मग कोल्हापुरी चपलेने काय पाप केलं? 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. जून 2025 मध्ये प्राडा या फॅशन कंपनीने तशाच चपला मिलानच्या रॅम्पवर उतरवल्या आणि मूळ कारागिरांचं नाव न घेतल्याने टीका ओढवून घेतली. तरीही बँकेच्या मुलाखतीला कोल्हापुरी चालत नाही, हा अन्यायच! तूर्त तो सोसावा. आणि हो, पॉलिश करताना टाचेची मागची बाजू विसरू नका. खोलीतून बाहेर पडताना तीच दिसते.