‘लग्न झालंय का?’ आणि इतर निदानं

गेल्या दोन वर्षांत मला सात वेळा यीस्ट इन्फेक्शन झालं. म्हणजे, झालंय असं मला सात वेळा सांगण्यात आलं. खाज, आग, लघवी करताना झोंबणं, दह्याच्या चोथ्यासारखं अंगावरून जाणं. ज्यांना हे झालंय त्यांना जास्त वर्णन नको. मी सांगलीत, विश्रामबागेत, घरी बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करते. मीटिंगमध्ये खुर्चीत धड बसवत नसायचं तेव्हा कॅमेरा बंद करून ‘नेट स्लो आहे’ म्हणायचे.

या सातपैकी पहिल्या सहा वेळा मला कोणीही तपासलं नाही.

तीनदा मेडिकलमधूनच औषध आणलं. काउंटरला गर्दी असायची, म्हणून मोबाइलवर टाइप करून दाखवायचे. फ्लुकोनॅझोलची एक गोळी कागदात गुंडाळून मिळायची. एकदा सोबत ट्यूब मिळाली, ‘ताई, हे लावा, लगेच फरक पडेल.’ पडला. दोन दिवसांत खाज थांबली आणि दहाव्या दिवशी दुप्पट झाली. ट्यूबवरची बारीक अक्षरं तेव्हा वाचली. आत क्लोबेटासोल होतं, म्हणजे तगडं स्टेरॉइड. ते सूज दाबतं आणि बुरशीला रान मोकळं करून देतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. माझ्याकडे चिठ्ठी कोणी मागितली नव्हती.

उरलेल्या तीन वेळा डॉक्टरांकडे गेले. पहिला प्रश्न, ‘लग्न झालंय का?’ नाही म्हटलं की तपासणीचा विषयच संपायचा. मग स्वच्छता ठेवा, सुती कपडे वापरा, टेन्शन घेऊ नका. एका मॅडमनी माझ्याकडे न बघता आईला सांगितलं, ‘लग्न झालं की जाईल.’ बुरशीला मुहूर्त कोण कळवतं, हे विचारायचं राहून गेलं. आई मात्र घरी येताना रिक्षात गप्प होती, आणि त्या गप्प बसण्यात मला एक संशय ऐकू येत होता. तो मी त्या मॅडमना अजून माफ केलेला नाही.

माझा सगळ्यात जास्त राग या स्वच्छतेच्या उपदेशावर आहे. कॅन्डिडा ही बुरशी कितीतरी धडधाकट बायकांच्या शरीरात काही त्रास न देता राहते. अँटिबायोटिक घेतलं, रक्तातली साखर वाढली, गरोदरपण आलं, की तिची वाढ होऊ शकते. हा घाणेरडेपणाचा आजार नाही. उलट योनीतले उपयुक्त जिवाणू तिथली आम्लता राखतात, आणि आतून धुण्याच्या उत्साहात आपण त्यांनाच हाकलतो. पण ‘स्वच्छता ठेवा’ म्हटलं की दोष पेशंटच्या माथी जातो आणि डॉक्टरांचे हात कोरडे राहतात. मी दिवसातून तीनदा धूत होते. साबणाने!

तपासणी म्हणजे असं काय करायचं असतं? स्रावाचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पीएचची पट्टी लावायची. आकडा साडेचारच्या वर गेला तर बहुधा दुखणं वेगळंच असतं. परत परत होत असेल तर कल्चर करायचं. स्वॅब लग्न न झालेल्या बाईचाही घेता येतो. जिथे लॅब नाही तिथे लक्षणांवरून औषध देण्याची सरकारी पद्धत आहे, त्यासाठी हिरव्या रंगाचं किटही असतं. त्याला माझी ना नाही. पण माझ्या घरापासून पाच मिनिटांवर लॅब आहे.

सातव्या वेळी मिरजेला गेले. वानलेस यांनी १८९४ साली तिथे दवाखाना काढला, तेव्हापासून लोक लांबलांबून मिरजेला उपचाराला येतात. मला सांगलीहून पोचायला दोन वर्षं लागली. तिथल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, ‘आत्तापर्यंत किती वेळा?’ हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. स्वॅब घेतला, साखर तपासली. साखर ठीक निघाली, स्वॅबमध्ये कॅन्डिडा सापडली. औषध तेच, फ्लुकोनॅझोल. पण वर्षात तीन-चार वेळा होत असेल तर एक गोळी पुरत नाही. दर तिसऱ्या दिवशी एक अशा तीन, आणि मग सहा महिने आठवड्याला एक. आधीच्या सगळ्यांनी प्रत्येक वेळ पहिलीच वेळ समजून एकेक गोळी दिली होती. आमच्याकडे जुनी तिकिटं न उघडता कोणी सहादा सर्व्हर रीस्टार्ट केला असता तर त्याला घरी बसवलं असतं. आणि त्या सहांपैकी किती वेळा खरोखर यीस्ट होतं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

माझं निभावलं, कारण माझ्याकडे पगार आहे. दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातल्या फडांवर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. ‘अंगावरून पांढरं जातं’ ही तक्रार त्या बायकांचीही असते. २०१९ साली सरकारी समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अशाच तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी जणींना कॅन्सरची भीती घातली गेली होती. मला न बघता गोळी, त्यांना थेट ऑपरेशन. मधली काचपट्टी दोघींच्याही वाट्याला आली नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, त्यात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला १९८९ साली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

आता माझा चौथा महिना चालू आहे. दर रविवारी एक गोळी. परवा मेडिकलमध्ये चिठ्ठी पुढे केली आणि गोळीचं नाव मोठ्याने सांगितलं. मागे उभे असलेले काका चुळबुळले. दुकानदाराने गोळ्या दिल्या आणि सवयीने ती ट्यूबही काढून ठेवली. मी ती परत सरकवली आणि म्हटलं, ‘दादा, ही चिठ्ठीवर नाहीये.’