निविदेतील एक कलम

रुग्णालयासाठी संगणकप्रणाली घ्यावयाची ठरली की निविदेच्या मसुद्यात ‘प्रणाली वेब-बेस्ड असावी’ हे कलम हल्ली शिरस्त्याने घातले जाते, आणि ते का, असे कोणी विचारलेच तर ‘आता सगळीकडे तसेच असते’ यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. कलम सर्वस्वी गैर आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या गोष्टीवर रुग्णांचा खोळंबा होणे न होणे अवलंबून असते, तिचा विचार या कलमाच्या आडोशाला राहून जातो, ही माझी तक्रार आहे.

प्रत्येक संगणकावर निराळा प्रोग्रॅम बसविण्याची जुनी रीत सोडण्यास कारणे सबळ आहेत. आपल्याकडील कित्येक खासगी इस्पितळांची बिले वर्षानुवर्षे फॉक्सप्रोमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमांतून निघत आली. त्या फॉक्सप्रोची अखेरची आवृत्ती २००४ साली निघाली आणि २०१५ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने तिच्या देखभालीची जबाबदारीही सोडली. शिवाय औषधांच्या यादीत लहानसा फेरफार करावयाचा झाला, तरी दोनशे टेबलांवरील दोनशे यंत्रांपाशी कोणाला तरी जातीने जावे लागते, आणि चार यंत्रे राहून गेली की एकाच रुग्णालयात दोन याद्यांचा अंमल सुरू होतो. ब्राउझरमधून चालणाऱ्या प्रणालीत तो फेरफार एकाच ठिकाणी करून भागते. तथापि ब्राउझर तरी कोठे अमरपट्टा घेऊन येतो? इंटरनेट एक्स्प्लोररखेरीज इतरत्र न उघडणाऱ्या प्रणाली ज्यांनी मोठ्या हौसेने घेतल्या, त्यांना १५ जून २०२२ रोजी तो ब्राउझर निवृत्त झाल्यावर नवी तजवीज करावी लागली.

बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीशी सकाळी नऊ वाजता घटकाभर उभे राहून पाहावे. जुन्या प्रोग्रॅमवर हात बसलेला कारकून माउसला स्पर्शही न करता नाव, वय, गाव, तालुका असा एकेक रकाना भरीत जातो, शेवटचे एंटर दाबतो आणि केसपेपर छापून बाहेर पडतो. नव्या प्रणालीत मात्र दर कागदाला छपाईची खिडकी उघडते, कोणत्या प्रिंटरवर छापावयाचे ते विचारते, आणि मध्येच चुकून एफ-फाइव्ह दाबला गेला तर अर्धवट भरलेला अर्ज नाहीसा होतो. हे दोष दूर करता येण्याजोगे आहेत, पण मसुदा लिहिणारे अधिकारी त्या खिडकीमागे क्वचितच बसलेले असतात. प्रयोगशाळेतील सेल काउंटर किंवा रक्ताच्या नळ्यांवरील बारकोड छापणारा प्रिंटर यांच्याशी बोलण्यासाठी तर त्या टेबलावरील संगणकात एखादा लहान प्रोग्रॅम बहुधा ठेवावाच लागतो. सीटी स्कॅनच्या एका छेदाची प्रतिमा सुमारे अर्धा मेगाबाइट भरते. पाचशे छेदांची तपासणी म्हणजे अडीचशे मेगाबाइट, आणि ती पुढेमागे सरकवीत बारकाईने पाहणाऱ्या क्ष-किरणतज्ज्ञाला त्याच्याच यंत्रावरचा प्रोग्रॅम हवा असेल, तर तो हट्ट म्हणता येणार नाही.

पण माझ्या मते पडद्यापेक्षा महत्त्वाचा आहे तो सर्व्हर, आणि वेब-बेस्ड म्हटले की तो दूर कोठे तरी असावयाचाच, हा समज निराधार आहे. छत्तीसगडमधील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयासाठी थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळींनी सिद्ध केलेली ‘बाह्मनी’ ही मुक्त प्रणाली ब्राउझरमध्येच उघडते, परंतु तिचा सर्व्हर रुग्णालयाच्या आवारात ठेवता येतो. बाहेरची तार तुटली तरी आतील केसपेपर, वॉर्ड आणि औषधालय यांचा व्यवहार अडत नाही. ज्या तालुक्यांत रस्ता खणताना केबल तुटणे ही नित्याची बाब आहे, तेथील ग्रामीण रुग्णालयांना हीच व्यवस्था मानवेल. रुग्णाच्या ‘आभा’ या आरोग्य खात्याच्या क्रमांकाची जोडणी बाहेरच्या संपर्काविना होणार नाही हे खरे, पण ती दुपारी केली तरी कोणाचे बिघडत नाही.

आवारातील सर्व्हर म्हणजे आवारातील जोखीम, हा आक्षेप मला मान्य आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समधील सर्व्हरांवर खंडणीखोर हल्ला झाला, तेव्हा देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयालाही कित्येक दिवस हातानेच नोंदी कराव्या लागल्या. म्हणून दैनंदिन प्रत अन्यत्र आणि जाळ्यापासून अलग ठेवण्याचा बंदोबस्त, तसेच त्या प्रतीवरून प्रणाली पुन्हा उभी करून दाखविण्याची अट, करारातच घातली पाहिजे.

आणि त्याच करारात आणखी एक कलम असावे: अखेरचा हप्ता देण्यापूर्वी पुरवठादाराच्या समक्ष, सोमवारी सकाळी, रांग लागलेली असताना, इंटरनेटची तार एक तास काढून ठेवावी आणि केसपेपर निघतात की नाही ते पाहावे. ही पाहणी रविवारी उरकू, असे पुरवठादार सुचवील. ते मान्य करू नये.