'करायली'वर लाल रेघ कशासाठी?

आमच्या तेरखेड्यात फटाक्यांचे कारखाने आहेत. तिथल्या बाया काय करतात असं विचारलं, तर उत्तर येतं, "फटाके करत्यात." आणि आता काय चाललंय म्हटलं, तर "वाती लावायल्यात." पहिलं पोटापाण्याचं काम, दुसरं या घडीला हातात असलेलं. गावातलं लहान पोरही यात गल्लत करत नाही.

तेच पोर शाळेच्या वहीत 'आई भाकरी करायली' लिहितं आणि त्यावर लाल रेघ पडते. अशुद्ध! मी मराठी शिकवते. ही रेघ मला मान्य नाही.

भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांची जिनिव्हातली व्याख्यानं त्यांच्या निधनानंतर, १९१६ साली, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून पुस्तकरूपात आली. संरचनावादाचा पाया तोच. त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की भाषेतल्या रूपाचं मोल त्याच भाषेतल्या इतर रूपांशी असलेल्या फरकावरून ठरतं. मग 'करायली' पुण्याच्या 'करत आहे'शी कशाला ताडायची? ती आमच्याच 'करती'शेजारी ठेवून पाहा. मी करायलो, बाई बोलत असेल तर करायले, तू करायलास, ती करायली, त्या करायल्यात. लिंग, वचन, पुरुष सगळं जागच्या जागी आहे. याला बिघडलेली मराठी म्हणणं हा अडाणीपणा आहे, आणि तो शिकल्या-सवरल्यांचा आहे.

भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी १९५८ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. भाषेकडे तिच्या आतल्या व्यवस्थेतून पाहण्याची ही दृष्टी मराठीत येऊन इतकी वर्षं झाली, पण वही तपासणाऱ्या हातापर्यंत ती पोचली नाही. शेजारच्या कळंब तालुक्यातल्या भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' ही कथा पाठ्यपुस्तकात घ्यायची, आणि त्याच मुलखातल्या पोराच्या बोलीचे गुण कापायचे, हे कसं चालतं?

प्रमाण मराठी पोरांना आलीच पाहिजे. अर्ज, परीक्षा, नोकरी सगळं तिच्यावर अडतं. म्हणून मी फळ्यावर दोन रकाने आखते. इकडे करती-करायली, तिकडे करते-करत आहे. पोरं आपणहून जोड्या लावतात, आणि घरचं वाक्य खोडायची वेळच येत नाही.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या सर्वेक्षणात बोलींचे नमुने गोळा झाले आहेत. ते डी.एड.च्या वर्गात ऐकवा. भावी शिक्षकांकडून त्या बोलींचे नियम काढून घ्या, आणि मगच त्यांच्या हाती लाल पेन द्या.