रक्तातील चुकलेला निरोप

ज्या व्याधीचे कारण कळत नाही, तिला दैव, शाप अथवा पूर्वजन्मीचे पाप असे नाव देऊन मनुष्य मोकळा होतो. देवी व पटकी यांच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी हेच केले. रक्ताच्या कर्करोगाच्या, म्हणजे डॉक्टर ज्यास ल्युकेमिया म्हणतात त्याच्या बाबतीत आज सुशिक्षित घरांतूनही हेच चालते, हे पाहून आम्हांस खेद होतो. या रोगाचे मूळ शास्त्राने पुष्कळ अंशी शोधून काढिले आहे. आणि ज्यास ते समजले, त्याला या रोगाची लाज बाळगण्याचे किंवा रोग्यापासून दूर पळण्याचे कारण उरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे शरीररूपी किल्ल्याचे पहारेकरी होत. हाडांच्या पोकळीतील मज्जेत त्यांचा उगम होतो. केव्हा वाढावे, केव्हा लढावे व काम संपताच केव्हा मरावे, हे कोणतीही पेशी आपल्या मनाने ठरवीत नाही. तिच्या पृष्ठभागावरील प्रथिने बाहेरचा निरोप घेतात व आतील प्रथिने तो पुढे पोचवितात. याची एक रीत अशी की, एक प्रथिन दुसऱ्यास फॉस्फेटाचा लहानसा तुकडा चिकटविते. त्याने दुसरे जागे होते व ते तिसऱ्यास जागे करिते. असा निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत जातो. काम झाले की ते तुकडे काढून घेतले जातात व सर्व शांत होते.

करवीरच्या मुलांना हे समजण्यास दूर जावयास नको. इ. स. १६६० च्या जुलै महिन्यात शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा महाराज गडावर पोचल्याच्या खुणेच्या तोफा ऐकू येईपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड लढविली, असे परंपरा सांगते. त्या खुणेचे सारे मोल ती योग्य वेळी होण्यात होते. कोणी गडावर पोचण्यापूर्वीच तोफ वाजू लागली असती आणि अहोरात्र वाजतच राहिली असती, तर केवढा अनर्थ ओढवला असता! ल्युकेमियात असाच काहीसा प्रकार घडतो. निरोप कोणी धाडिला नसताही 'वाढा, वाढा' हा हुकूम पेशीत सुटतो, आणि कच्च्या, निरुपयोगी पेशींची एवढी गर्दी होते की, निरोगी रक्त तयार होण्यास मज्जेत जागाच उरत नाही.

हे केवळ तर्काचे बोलणे नव्हे. १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना ल्युकेमियाच्या एका प्रकारात एक गुणसूत्र आखूड झालेले आढळले. १९७३ मध्ये जॅनेट रॉली या विदुषीने दाखविले की, नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापल्या तुकड्यांची अदलाबदल केली आहे. या अदलाबदलीतून बनणारे जोडप्रथिन म्हणजेच ती न थांबणारी तोफ. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता पावलेले इमॅटिनिब हे औषध त्याच प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते व त्यास गप्प करिते. पूर्वी जो रोग थोड्या वर्षांत प्राण घेई, तो आता बहुतेकांच्या बाबतीत रोजच्या गोळीने आटोक्यात राहतो.

आपला महाराष्ट्रही या कामी मागे नाही. १९४१ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, बालपणीच पोलिओने ज्यांचे पाय हिरावून घेतले त्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलीस तिच्या भावाची मज्जा देऊन देशातील पहिले यशस्वी मज्जारोपण केले. पुढे त्याच रुग्णालयातील डॉक्टर व पवईच्या आय. आय. टी. तील शास्त्रज्ञ यांनी मिळून एक अपूर्व उपाय सिद्ध केला. रोग्याच्याच रक्तातील टी-पेशी काढून त्यांत एक नवे घडविलेले प्रथिन बसवितात. त्याचे बाहेरील टोक रोगट पेशीवरील 'सीडी १९' ही खूण ओळखते; आतील टोक 'लढा' असा निरोप देते. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या उपस्थितीत पवई येथे या उपचाराचे लोकार्पण झाले. इतर उपचार निष्फळ ठरलेल्या किंवा रोग उलटलेल्या रोग्यांवर त्याची चाचणी झाली, तीत शेकडा ७३ जणांना गुण आला. ज्या निरोपाच्या बिघाडाने रोग जडतो, त्याच निरोपाच्या विद्येने तो हटविता येतो, हे केवढे आश्चर्य!

कोणी म्हणेल, 'विद्या थोर खरी, पण खर्च गरिबास कसा झेपावा?' हा प्रश्न रास्त आहे. पवईचा उपचार परदेशाहून पुष्कळ स्वस्त असला, तरी त्यास लाखो रुपये लागतात. परंतु लहान मुलांत जो ल्युकेमिया अधिक आढळतो, तो बहुतेक मुलांत जुन्या, परिचित औषधांनीच बरा होतो; मात्र ती दोन-अडीच वर्षे नेमाने घ्यावी लागतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. खरा घात होतो तो औषध अर्ध्यावर सोडल्याने. मूल हसू-खेळू लागले की आईबापांस वाटते, रोग गेला. पण तोफ क्षणभर थांबली म्हणजे फितूर गोलंदाज गडाबाहेर गेला, असे नव्हे.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मुलाचा ताप हटत नसेल, चेहरा पांढराफटक पडला असेल, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा हाडे दुखत असतील, तर अंगारे-धुपारे करीत न बसता आधी रक्त तपासून घ्यावे. ही लक्षणे बहुधा साध्या दुखण्याचीच निघतील. परंतु तपासण्यात हानी नाही, न तपासण्यात आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एवढेच सांगणे की, हा रोग स्पर्शाने, श्वासाने किंवा एका बाकावर बसल्याने लागत नाही. उलट, उपचार घेणाऱ्या मुलाचे पहारेकरी दुर्बळ झालेले असल्याने आपल्या साध्या सर्दीचे त्यालाच भय असते. त्याला भेटताना हात धुवावे, आपण आजारी असल्यास दूर राहावे. पण त्याला वह्या पोचवाव्या, धडे सांगावे, आणि केस गळाले म्हणून हसू नये. अठरा वर्षे पूर्ण होताच रक्तदान करावे. अशा रोग्यांना इतरांच्या रक्ताची वारंवार गरज पडते.

प्रभू येशूने कुष्ठरोग्यास दूर न लोटता स्पर्श केला, हे आपण शाळेत ऐकतो. ते ऐकून जर आपण रोगी सोबत्याच्या बाकापासून सरकून बसलो, तर आपले शिक्षण व्यर्थ होय. पेशीतील चुकलेला निरोप दुरुस्त करणे शास्त्रज्ञांचे काम आहे. 'हे पापाचे फळ आहे' हा समाजातील चुकीचा निरोप थांबविणे मात्र आपणां सर्वांचे आहे, आणि त्यास प्रयोगशाळा लागत नाही.